आधी वाचता येतंय का ते पाहा: वस्तीतल्या संध्याकाळच्या वर्गात शिकवणाऱ्यांसाठी

शाळा सुटल्यावर पहिली ते पाचवीच्या मुलांना शिकवायला जाणारे बहुतेक ताई-दादा पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारतात, ‘आज गृहपाठ काय दिलाय?’ आणि पुढचे सहा महिने गृहपाठातच जातात. चौथीतला मुलगा परिसर अभ्यासाची उत्तरं फळ्यावरून सुबक अक्षरात उतरवून आणतो. त्याच उत्तरातल्या ‘प्रदूषण’ या शब्दावर बोट ठेवून ‘हे वाच’ म्हटलं की मात्र तो गप्प होतो. वही भरलेली असते, शेरा ‘छान’ असतो, आणि मूल दुसरीतच कुठेतरी थांबलेलं असतं.

असं मूल अपवाद नाही. मुलांना कितपत वाचता-मोजता येतं हे घरोघरी जाऊन पाहणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी साधारण २७ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. यात वर्गातल्या बाईंना दोष देऊन काही साधत नाही. त्यांना अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, वर्गात एकाच वेळी चार पातळ्यांची मुलं असतात, वर निवडणुकीची आणि जनगणनेची कामं असतात. तुमच्याकडे बारा-पंधरा मुलं आहेत आणि अभ्यासक्रमाचं ओझं नाही. म्हणून तुम्हाला जे करता येतं ते शाळेला सहज करता येत नाही: मूल नेमकं कुठे अडलंय ते शोधून तिथूनच पुढे न्यायचं. महापालिकेच्या मराठी शाळेत जाणारी, शहरातल्या वस्तीत राहणारी मुलं डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलंय. खेड्यातही यातलं बरंच लागू पडतं.

जागा, वेळ, माणसं

समाजमंदिर, बालवाडीची खोली किंवा शाळेचाच एखादा वर्ग, यातलं काहीही चालतं. पाहायचं एवढंच, की दार रस्त्याकडे उघडणारं हवं, संडास जवळ आणि वापरण्याजोगा हवा, पावसाळ्यात छत गळता कामा नये. शाळेची खोली हवी असेल तर मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडा. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांनी होकार दिला की पुढची बरीच कामं सोपी होतात.

वेळ ठरवण्याआधी वस्तीतल्या बायकांना विचारा: नळाला पाणी कधी येतं? साडेपाचला पाणी येत असेल आणि तुम्ही साडेपाचचा वर्ग ठेवला, तर मोठ्या मुली कधीच येणार नाहीत, आणि तुम्ही मात्र ‘पालकांना मुलींच्या शिक्षणाची किंमत नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळे व्हाल. मुलं मदरशात, खाजगी शिकवणीला किंवा दुकानावर कधी जातात तेही विचारून घ्या. हिवाळ्यात सहा-सव्वासहालाच अंधारतं, त्यामुळे वर्ग साडेसहाच्या पुढे नेऊ नये.

एका स्वयंसेवकामागे सहा ते आठ मुलं, आणि खोलीत कायम किमान दोन मोठी माणसं. एकट्याने पंधरा मुलं घेतली की शिकवणं बंद होऊन नुसतं ‘गप्प बसा’ सुरू होतं. आठवड्यातून दोन ठरलेले दिवस आणि किमान सहा महिने, एवढं जमत असेल तरच नाव द्या. दर शनिवारी जमेल तसं येणाऱ्या दहा जणांपेक्षा मंगळवार-शुक्रवार न चुकता येणारे दोघे बरे. सहा-सात वर्षांचं मूल वार लक्षात ठेवतं. तुम्ही दोनदा आला नाहीत की तिसऱ्यांदा तेही येत नाही.

दीड तासाची वाटणी साधारण अशी ठेवा: हात धुणं आणि खाऊ दहा मिनिटं, गोलात बसून गाणं आणि गप्पा दहा, वाचन तीस, गणित पंचवीस, गृहपाठ दहा, आवराआवर पाच. खाऊ सुरुवातीलाच द्यायचा. सकाळच्या पाळीच्या मुलांनी दुपारी बाराला शाळेतली खिचडी खाल्लेली असते, पाच वाजता पोटात काही नसतं आणि भुकेलं मूल अक्षरावर नजर टिकवू शकत नाही. बारा मुलांना पाव किलो फुटाणे आणि शंभर-दीडशे ग्रॅम गूळ पुरतो. शेंगदाणे देण्याआधी कोणाला ते बाधतात का, हे घरी विचारून घ्या.

पहिला आठवडा फक्त तपासणीचा

पहिल्या आठवड्यात काही शिकवू नका. एक स्वयंसेवक खेळ घेईल, दुसरा एकेका मुलाला बाजूला बसवून पाहील. बाकीच्यांच्या कानावर जाणार नाही इतकं लांब बसा. समोरासमोर न बसता शेजारी, एकाच बाजूला तोंड करून बसा. समोर बसलं की ते परीक्षेसारखं वाटतं आणि येत असलेलंही येईनासं होतं.

साधन म्हणून ‘असर’चीच रीत घ्या, ती एका कागदावर मावते. कागदावर चार गोष्टी लागतात: दहा सुटी अक्षरं, दहा साधे दोन-तीन अक्षरी शब्द, चार वाक्यांचा जोडाक्षरं नसलेला उतारा आणि आठ-दहा ओळींची गोष्ट. उतारा असा असावा: ‘राधाकडे एक शेळी आहे. शेळीचे नाव चंपी आहे. चंपी रोज रानात जाते. ती हिरवा पाला खाते.’ सुरुवात उताऱ्यापासून करा. अडखळत का होईना, वाक्य वाक्यासारखं वाचलं आणि चुका तीनच्या आत राहिल्या, तर गोष्ट द्या. नाही जमलं तर शब्दांवर या. मुलाच्या पसंतीचे पाच शब्द, त्यातले चार बरोबर आले की ते शब्दाच्या पातळीवर आहे. तेही नाही, तर पाच अक्षरं, चार बरोबर. मूल जिथे शेवटी बरोबर वाचतं ती त्याची पातळी. गणितात एक अंकी संख्या ओळखणं, दोन अंकी संख्या ओळखणं, दशक सुटा करावा लागणारी दोन अंकी वजाबाकी, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं, अशा चार पायऱ्या.

एक फसवणूक हमखास होते. पाठ्यपुस्तकातला धडा मुलाने शंभरदा ऐकलेला असतो, तो घडाघडा म्हणतो आणि बोटही बरोबर ओळीवरून फिरवतो. म्हणून तपासणीला पाठ्यपुस्तकातला मजकूर कधीच घेऊ नका. शंका आली तर तिसऱ्या ओळीतला मधलाच शब्द झाकून पुन्हा उघडा आणि तेवढाच वाचायला सांगा.

आता गट पाडा, आणि ते इयत्तेनुसार नकोत, पातळीनुसार हवेत. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमध्ये काम सुरू केलं, त्यातून हीच पद्धत पुढे आली. मुंबई आणि वडोदऱ्यात तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच तरुण मुली, म्हणजे बालसख्या, रोज दोन तास वेगळं शिकवत. या कार्यक्रमाचा अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी सहकाऱ्यांसह अभ्यास केला, तेव्हा मुलांचे गुण खरोखर वाढलेले दिसले. बालसख्या प्रशिक्षित शिक्षिका नव्हत्या. स्वयंसेवकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

गटांमधली खरी अडचण पाचवीतल्या मुलाची असते. त्याला दुसरीतल्या मुलांबरोबर अक्षरं ओळखायला बसवलं की तो लाजेने दुसऱ्या दिवसापासून येत नाही. भाषेचे आणि गणिताचे गट वेगळे ठेवा, कारण वाचनात मागे असलेली पुष्कळ मुलं हिशेबात पक्की असतात. भाजीच्या गाडीवर बसणारा मुलगा सुट्टे पैसे चुकत नाही. वाचनासाठी त्याला तीन-चार ओळींचाच पण त्याच्या वयाला शोभेल असा मजकूर द्या: क्रिकेटच्या सामन्याची बातमी, रिक्षावरची पाटी, बिस्किटाच्या पुड्यावरची माहिती. गटांना ‘हुशार’, ‘कच्चा’ अशी नावं तर नकोतच, अ-ब-कही नको. पळस, गुलमोहर, चाफा अशी नावं चालतात.

वाचन

अक्षर न ओळखणाऱ्या गटाला मुळाक्षरं ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत ओळीने शिकवायला घेऊ नका. महिना संपतो आणि एकही शब्द वाचून होत नाही. क, म, न, प, ल ही पाच अक्षरं आणि काना घ्या. एवढ्यावर नाक, कान, पान, काम, लाल, मका, मामा, काका, कप, माप, नमन, कमान, कमल, पालक हे शब्द तयार होतात. पहिल्याच आठवड्यात मूल खरा शब्द वाचतं आणि वाचणं म्हणजे काय ते त्याला उमगतं. पुढच्या खेपेला र, स, त, ब आणि वेलांटी. मुलाच्या स्वतःच्या नावातलं अक्षर यात आणता आलं तर अवश्य आणा.

दिसायला सारखी अक्षरं एकाच आठवड्यात घेऊ नका: घ-ध, भ-म, ब-व, थ-य, ट-ठ-ढ-द, प-ष. ‘घ’ पक्का झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ‘ध’ आणा, मग दोन्ही शेजारी ठेवून फरक मुलांकडूनच काढून घ्या. ‘ख’चा ‘रव’ होतो, त्यासाठी खाली जोडलेली रेघ ठळक काढून दाखवा. आणखी एक गोष्ट: फोनवर टाइप करून छापलेल्या कागदावर बऱ्याचदा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. पाठ्यपुस्तकातला ‘ल’ वेगळा दिसतो, त्यामुळे मूल तेच अक्षर ओळखत नाही आणि आपण त्याच्या नावापुढे चूक लिहितो. छापलेला कागद आधी नीट पाहून घ्या. मराठी वळण येत नसेल तर सरळ हाताने लिहा.

बाराखडीचा तक्ता रोज पाच मिनिटं वाचायचा, पण ‘क का कि की’ असा आडवा म्हणून घेणं पुरेसं नाही. मुलं सुरात म्हणतात, डोळे दुसरीकडे असतात. उभा वाचून घ्या: का, खा, गा, घा. मग मध्येच बोट ठेवा: ‘मो’ कुठे? ‘सु’ दाखव. मूल ‘क, काना, का, न, कान’ असं फोडून वाचायला लागलं की ते महिन्याभरात सुटायला हवं. नाही सुटलं तर ते सवयीचं होतं. त्यावर उपाय म्हणजे शब्द दोन सेकंद दाखवून झाकायचा आणि एका दमात म्हणायला लावायचा.

शब्द वाचणारं मूल उताऱ्यावर नेणं, हा सगळ्यात कष्टाचा टप्पा आहे. इथे स्वयंसेवकांचा धीर सुटतो. चार-सहा ओळींचा एकच उतारा तीन दिवस घ्यायचा. पहिल्या दिवशी तुम्ही बोट फिरवत, बोलल्यासारखं वाचा. मूल फक्त ऐकेल आणि पाहील. मग दोघं एकत्र वाचा, तुमचा आवाज हळूहळू कमी करत न्या. दुसऱ्या दिवशी गटाने एकेक ओळ, तिसऱ्या दिवशी एकट्याने. अडलं की लगेच शब्द सांगू नका, मनात पाचपर्यंत मोजा. तरीही नाही आलं तर पहिलं अक्षर सांगा. दर शब्दाला थांबवून सुधारत बसलात तर अर्थ हरवतो. वाक्य पूर्ण होऊ द्या, मग ‘हा शब्द पुन्हा बघ बरं’ म्हणा.

काय सुधारायचं आणि काय सोडायचं, हे कळायला हवं. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणं ही मुलाच्या घरची बोली आहे, ती वाचनातली चूक नव्हे. घरी हिंदी बोलणारं मूल ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणेल, ‘चाक’मधला ‘च’ ‘चार’मधल्या ‘च’सारखा म्हणेल. अक्षर ओळखलंय ना, मग पुढे चला. कानावर मराठी पडत राहिली की उच्चार आपोआप जुळतात. ‘तुला नीट बोलता येत नाही’ हे एक वाक्य मात्र महिन्याची मेहनत घालवतं. मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत घरची भाषा वडारी, गोरमाटी, कैकाडी, तेलुगू, कन्नड अशी काहीही असते. पालघरकडच्या पाड्यांवर वारली आणि कातकरी बोलणारी मुलं भेटतात. या मुलांना अक्षरं लवकर येतात, पण शब्दाचा अर्थच ठाऊक नसल्यामुळे वाचन पुढे सरकत नाही. त्यांच्यासाठी सगळ्यात उपयोगी पडतं ते त्यांचंच बोलणं लिहून देणं. मूल एक वाक्य सांगेल, त्यात दोन शब्द घरच्या भाषेतले असले तरी चालतील. तुम्ही ते मोठ्या अक्षरात जसंच्या तसं लिहा आणि त्यालाच वाचायला द्या. स्वतः बोललेलं वाक्य मूल नक्की वाचतं. अशी दहा वाक्यं झाली की कागद दुमडून त्याचं पुस्तक शिवून द्या.

जोडाक्षरांत बहुतेकांची गाडी ‘र’वर अडते, कारण तो चार रूपांत येतो: सूर्य, प्रकाश, ट्रक, तऱ्हा. चारही एकदम शिकवू नका. ‘प्र’चं कुटुंब एक आठवडा (प्रकाश, ग्रह, क्रम), मग रफार. रफारात चूक होते ती जागेची. खूण पुढच्या अक्षरावर दिसते पण उच्चार आधी येतो, म्हणून मूल ‘सूर्य’ला ‘सूयर’ वाचतं. ‘सू-र्-य’ असे तीन ठोके टाळीने घेतले की बसतं.

पुस्तकं साधारण एका मुलामागे पाच, म्हणजे बारा मुलांना साठ हवीत. त्यातली अर्धी एका पानावर एक-दोन ओळी असणारी असावीत. खोक्यात ठेवली तर कोणी हात लावत नाही. भिंतीला दोरी बांधून मुखपृष्ठ दिसेल अशी टांगा. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार मोफत मिळतात आणि छापायची परवानगीही असते. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. गोष्टीच्या पातळीला पोचलेल्या मुलांना ते द्या. पुस्तक घरी न्यायला द्यायचंच. काही फाटतील, एक-दोन हरवतील, तेवढा खर्च आधीच धरून ठेवा.

गणित

गणितात पहिला घोटाळा संख्यांच्या नावांचा असतो. मराठीत एकक आधी बोललं जातं: त्रेसष्टमध्ये ‘त्रे’ आधी ऐकू येतं, म्हणून मूल ३६ लिहितं. ‘एकोणसत्तर’ ऐकून ७९ लिहितं, कारण कानात सत्तर राहतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘सत्तर पाच’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांची हीच अडचण पुढे ठेवली होती. वाद कसाही असो, संध्याकाळच्या वर्गात ही पद्धत पायरी म्हणून फार कामाची आहे. आधी ‘सहा दशक तीन, साठ आणि तीन’, मग ‘त्रेसष्ट’. तेलुगू-कन्नड घरातल्या मुलांना त्यांच्या भाषेत मोजायला सांगा. तिथे इरवै ओकटि, इप्पत्तोंदु असं दशक आधीच येतं. त्या मुलांना दशकाची कल्पना घरातूनच मिळालेली असते, फक्त मराठी नाव जोडून द्यायचं असतं.

साहित्य म्हणाल तर दोन मुलांमागे आइस्क्रीमच्या शंभर काड्या, दहा-बारा रबरं आणि दोन फासे. खराट्याच्या काड्या सारख्या मापाने कापल्या तरी चालतात. खेळ असा: फासे टाका, येतील तेवढ्या काड्या घ्या, दहा झाल्या की रबर लावून जुडी करा, आधी पाच जुड्या होतील तो जिंकला. हे दोन आठवडे चालू द्या. मग उलटा खेळ: पाच जुड्यांपासून सुरुवात, फाशावर येईल तेवढ्या काड्या परत द्यायच्या. पहिल्याच डावाला सुटी काडी नसते, जुडी सोडावीच लागते. उसन्याची वजाबाकी मुलाच्या हाताने इथे होते, कागदावर येण्याच्या कितीतरी आधी.

कागदावर नेहमीची चूक ठरलेली: ५२ वजा ३७ बरोबर २५. मूल ‘दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन’ करतं. ‘शेजाऱ्याकडून एक उसना घे’ हे वाक्य पाठ करून घेतल्याने ती जात नाही, कारण तो ‘एक’ म्हणजे दहा आहेत हे त्याला दिसत नसतं. पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवा. एक जुडी सोडा, आता चार जुड्या आणि बारा सुट्या. सात काढा, पाच उरल्या. तीन जुड्या काढा, एक उरली. पंधरा. प्रत्येक कृती झाली की लगेच तेवढंच वहीत लिहायचं, वरचा ५ खोडून ४, दोनाच्या जागी १२. काड्या एका दिवशी आणि लिहिणं दुसऱ्या दिवशी असं केलं तर मूल दोन्ही जोडत नाही. यानंतर ५०३ वजा २४७ सारखी, मध्ये शून्य असलेली उदाहरणं घ्या. तिथे शतकाचा गठ्ठा सोडून दशकं, मग एक दशक सोडून एकक, असं दोनदा करावं लागतं. त्यासाठी खोट्या नोटा, शंभराच्या आणि दहाच्या, आणि रुपयाची नाणी काड्यांपेक्षा सोयीची.

पाढे म्हणायला हवेतच, रोज गोलात एक पाढा म्हणा. पण सातचा पाढा म्हणणाऱ्याला ‘सात चोक किती’ एकदम विचारलं की तो पहिल्यापासून म्हणत येतो. म्हणून मधूनच विचारायची सवय लावा. शाब्दिक उदाहरण पाहून मुलं वाचायच्या आधीच विचारतात, ‘ताई, बेरीज की वजाबाकी?’ उत्तर देऊ नका. दोन मुलांना उभं करून ते उदाहरण खरोखर करायला लावा: हिच्याकडे १८ चिंचोके, तिने त्याला ५ दिले. पुन्हा मोजा. मग काय झालं ते मुलंच सांगतील.

गृहपाठाचं काय

तो टाळता येत नाही. वही अपुरी राहिली तर शाळेत मुलालाच बोलणी बसतात, म्हणून दहा मिनिटं द्या. उत्तर सांगू नका, प्रश्न मोठ्याने वाचून अर्थ सांगा आणि मुलाला येईल तेवढंच करू द्या. महिन्यातून एकदा वर्गशिक्षिकेला भेटा, वेळ आधी विचारून, हातात मुलाची वाचनाची नोंद घेऊन. ‘तुमच्या वर्गातल्या मुलांना वाचता येत नाही’ अशी सुरुवात केली की दार बंद झालंच. ‘ही आता शब्द वाचते, वर्गात हिला एखादी ओळ वाचायला द्याल का?’ असं म्हटलं की बाई सहसा आनंदाने देतात. त्या एका ओळीचा परिणाम आमच्या दीड तासाहून मोठा असतो.

ज्यात सूट नाही

मारणं नाही, उठाबशा नाहीत, कान धरणं नाही, सगळ्यांसमोर टोमणा नाही. शाळांसाठी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे, आणि आपल्या वर्गाचा नियम त्याहून सैल असू शकत नाही. प्रत्येक स्वयंसेवकाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या, ओळखीचा असला तरी. एका मुलाबरोबर एकट्याने बंद खोलीत बसू नये, त्याला एकट्याने घरी सोडायला जाऊ नये, त्याला स्वतःच्या घरी बोलावू नये. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावू नका. पालकांची लेखी संमती नसेल तर कुठेच नाही.

एखाद्या मुलाने अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर शांतपणे ऐका. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. खोदून विचारू नका, ते काम प्रशिक्षित माणसांचं आहे. मुलाचेच शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या कायद्याच्या कलम १९ नुसार माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. हा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मुलांना वाचता येईल अशा अक्षरात लिहा.

गैरहजेरी आणि निरोप

धाकट्या भावाला सांभाळायचं म्हणून न येणाऱ्या मुलींसाठी एक सोपा उपाय आहे: भावालाही येऊ द्या. कोपऱ्यात चटई, लाकडी ठोकळे, झाकणं, जुनी पुस्तकं. थोडा गोंधळ होतो, पण मुलगी येते. गणपतीत आठ-दहा दिवस उपस्थिती निम्म्यावर येणारच, तेव्हा नवं काही सुरू करू नका. बांधकामावरच्या, वीटभट्टीवरच्या कुटुंबांची मुलं अचानक निघून जातात. ऊसतोडीला जाणाऱ्यांची दसरा-दिवाळीनंतर निघून उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांना निघताना दोन-तीन पुस्तकं, पाटी आणि स्वतःच्या वाक्यांचं शिवलेलं पुस्तक बरोबर द्या. परत आल्यावर आधी तपासणी, मग गट. पूर्वी होते तिथेच असतील असं धरू नका.

दर दोन महिन्यांनी तीच तपासणी नव्या उताऱ्यावर करा. जो मुलगा दोन तपासण्यांत एकाच पायरीवर राहिला, त्याचे डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यापासून लांब बसवल्यावर डोळे बारीक करतो का, मागून हाक मारली तर वळतो का, हे आधी पाहा. सरकारी शाळांत आणि अंगणवाड्यांत आरोग्य तपासणीसाठी पथक येतं, त्याची तारीख मुख्याध्यापकांना विचारता येते. अशा मुलाबरोबर रोज दहा मिनिटं एकट्याने वाचन करायला एक स्वयंसेवक ठरवून द्या, सगळ्यांच्या नजरेसमोर, त्याच खोलीत.

तुम्हाला वर्ग सोडायचा असेल तर मुलांना पंधरा दिवस आधी सांगा आणि शेवटचा दिवस कोणता ते फळ्यावर लिहा. नव्या ताई-दादाला किमान दोन वेळा सोबत बसवा. त्यांच्या हाती द्यायच्या वहीत प्रत्येक मुलाचं एक पान हवं: घरची भाषा, वाचनाची आणि गणिताची पायरी तारखेसह, पक्की झालेली अक्षरं, घोटाळा होणारी अक्षरं, सध्या चालू असलेला उतारा, आवडतं पुस्तक, घरून न्यायला कोण येतं. पालकांचे फोन क्रमांक वेगळ्या कागदावर, कुलपात. ‘लक्ष देत नाही’, ‘आळशी आहे’ असे शेरे या पानांवर लिहू नका, त्यावरून नव्या माणसाला काहीच शिकवता येत नाही. ‘उताऱ्यात रफार चुकते, काड्यांवर वजाबाकी येते, कागदावर अजून नाही’ एवढं लिहिलं की पुढच्या मंगळवारी कुठून सुरू करायचं ते त्याला कळतं.